न खाता वाढणारी साखर

मधुमेह नसलेल्या एका माणसाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आहे असे समजा. आदल्या रात्रीपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नाही. तरीही त्याचे रक्त तपासले, तर एरवी उपाशीपोटी १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅमच्या आत असणारी साखर १८० किंवा २०० मिलिग्रॅमवर गेलेली आढळू शकते. ही साखर आली कोठून?

इन्शुलिन रक्तातील साखर कमी करते, असे आपण वर्गात शिकवतो. ते कसे? इन्शुलिनचा रेणू स्नायूच्या किंवा मेदाच्या पेशीवरील ग्राहकाला चिकटतो. त्याचा संदेश आत पोहोचला, की ग्लुकोज वाहून नेणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखरेला वाट मोकळी होते. यकृतालाही ‘आता नवी साखर तयार करू नकोस’ असा निरोप मिळतो. निरोप येऊनही पेशींनी त्याला पुरेशी दाद दिली नाही, तर त्या अवस्थेला ‘इन्शुलिन-रोध’ म्हणतात. येथे इन्शुलिन असते, पण त्याचा प्रभाव पडत नाही.

मोठ्या शस्त्रक्रियेत नेमके हेच घडते. छातीचे हाड कापले जाते. बऱ्याच शस्त्रक्रियांत रक्त काही काळ हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्यांतून फिरवले जाते. शरीराच्या दृष्टीने ही जबर इजाच असते. अॅड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकॅगॉन ही संप्रेरके वाढतात, दाहकारक रसायने रक्तात उतरतात आणि इन्शुलिनचा संदेश पेशीतच अडतो. यकृत साखर बनवत राहते. त्यासाठी लागणारा काही कच्चा माल स्नायूंतील प्रथिने मोडून मिळतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर हेच. ही साखर ताटातून नव्हे, रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातून आलेली असते.

मग ही निसर्गाची चूक म्हणायची का? तसे नाही. मेंदू, रक्तपेशी आणि भरून येणारी जखम यांना साखर घेण्यासाठी इन्शुलिनची फारशी गरज नसते. जखमी प्राण्याच्या बाबतीत स्नायूंनी साखर सोडावी आणि ती या अवयवांना मिळावी, यात सोयच होती. पण ही अवस्था तीव्र झाली, तर साखरेच्या अतिरेकाने पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची क्षमता मंदावते, जखम चिघळण्याचा धोका वाढतो आणि स्नायू झिजल्याने अशक्तपणा येतो.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेल्या २७३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया चालू असताना इन्शुलिन ठरावीक वेगाने द्यायचे आणि रक्तशर्करा स्थिर ठेवण्यासाठी किती ग्लुकोज लागते ते मोजायचे, अशी पद्धत होती. ग्लुकोज जितके कमी लागेल, तितका रोध जास्त. रोध जितका अधिक, तितक्या गंभीर गुंतागुंती अधिक, असे त्यांना आढळले. ज्या मधुमेहींची साखर शस्त्रक्रियेपूर्वी ताब्यात नव्हती, त्यांच्यात रोधही जास्त होता.

यावर सरळ उपाय सुचतो, तो म्हणजे भरपूर इन्शुलिन देऊन साखर अगदी सामान्य पातळीवर आणणे. बेल्जियममधील ल्युवेन येथे १५४८ रुग्णांवर हे करून पाहण्यात आले. त्यांतील बहुसंख्य हृदयशस्त्रक्रियेचे होते. साखर ८० ते ११० च्या दरम्यान ठेवलेल्या गटात अतिदक्षता विभागातील मृत्यूंचे प्रमाण ४.६ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ८ टक्के होते. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनेक रुग्णालयांनी ही पद्धत उचलली.

पण २००९ मध्ये वेगळेच चित्र पुढे आले. ‘नाइस-शुगर’ नावाच्या चाचणीत अनेक रुग्णालयांतील, नाना प्रकारच्या आजारांचे सहा हजारांहून अधिक अत्यवस्थ रुग्ण होते. काटेकोर नियंत्रणाच्या गटात ९० दिवसांतील मृत्यू २७.५ टक्के, तर १८० पर्यंत मुभा दिलेल्या गटात २४.९ टक्के भरले. साखर धोकादायकरीत्या खाली घसरण्याचे प्रमाण पहिल्या गटात ६.८ टक्के, दुसऱ्यात अवघे ०.५ टक्के होते. म्हणून आज साखर साधारणपणे १८० च्या आत ठेवतात, पण फार खाली ओढत नाहीत.

वर्गात चर्चेला घेण्याजोगा मुद्दा येथेच आहे. वाढलेली साखर काही अंशी अपायाचे कारण आहे आणि काही अंशी आतल्या बिघाडाची खूण. इन्शुलिनने आकडा खाली येतो, पण इजेने उठलेले वादळ त्यामुळे शमतेच असे नाही. ताप उतरवणे आणि तापाचे कारण दूर करणे यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे. विद्यार्थ्यांना विचारून पाहा: एकाच प्रश्नावरील दोन चाचण्यांची उत्तरे वेगळी आली, तर त्यांतील कोणकोणत्या गोष्टी ताडून पाहाव्या लागतील?