विंचेस्टरबाईंचा वाडा आणि बंदुकीचा शाप
कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात सुमारे 160 खोल्यांचा एक लाकडी वाडा आहे. तिथला एक जिना छताला टेकून संपतो. वरच्या मजल्यावरचा एक दरवाजा उघडला की पुढे थेट हवा. तिकीट काढणाऱ्याला कथा ऐकायला मिळते ती अशी : बेंजामिन टायलर हेन्रीने 1860 मध्ये पेटंट घेतलेली सोळा गोळ्यांची रायफल अमेरिकन यादवी युद्धात गाजली, तिच्यातूनच पुढे विंचेस्टर रायफल आली, आणि त्या बंदुकांना बळी पडलेल्यांचे आत्मे कारखानदाराच्या सुनेच्या, सारा विंचेस्टरच्या, मागे लागले. त्यांना चकवायला ती 38 वर्षं रात्रंदिवस घर बांधत राहिली म्हणे. कथा झकास आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही.

जिन्याचंच घ्या. 1906च्या भूकंपात सात मजली मनोरा कोसळला, वरचे मजले ढासळले. साराने पडझडीचा बराचसा भाग पुन्हा न उभारता बंद करून टाकला. साहजिकच कुठे मजला गेला आणि वाट तेवढी उरली. जेमतेम दोन इंच उंचीच्या पायऱ्या भुतांसाठी नव्हत्या, तिला संधिवात होता. अखंड बांधकामही खोटं. ती गवंडी-सुतारांना महिनोन्महिने रजा देत असे, हे तिच्याच पत्रांतून दिसतं. पण दुःखाने माणूस भ्रमिष्ट होत नाही का, असं कुणी विचारेल. दुःख खरंच होतं : 1866 मध्ये तान्ही मुलगी गेली, 1881 मध्ये नवरा विल्यम क्षयाने गेला. मात्र सॅन होजेची जागा तिने घेतली 1886 मध्ये. हाती अमाप पैसा आणि बांधकामाचा नाद, एवढं कारण पुरेसं आहे. एखाद्या धनिक पुरुषाला याच नादासाठी लोकांनी हौशी म्हटलं असतं.

पैसा तर बंदुकीचाच होता ना? होता, आणि हा आक्षेप रास्त आहे. पण मग हिशेब कंपनीकडे आणि तिच्या गिऱ्हाइकांकडेही मागायला हवा. रायफल घडवली हेन्रीने, गब्बर झाला सासरा ऑलिव्हर. दंतकथेतलं एकही भूत त्यांच्या दारी फिरकत नाही. पांढऱ्या पायाची ठरते ती विधवा, जिने बंदूक ना घडवली ना विकली. शस्त्राचा धंदा करणाऱ्यांना याहून सोयीचा शाप मिळणं कठीण. साराने नवऱ्याच्या नावाने कनेक्टिकटमध्ये क्षयरोग्यांसाठी रुग्णालय उभारायला मोठी देणगी दिली होती. ती 1922च्या सप्टेंबरात वारली, आणि पुढच्याच वर्षी वाडा पर्यटकांना तिकीट लावून खुला झाला.