बी.एम.डब्ल्यू. ३ मालिका (ई४६) : मालकाने स्वतः करावयाची देखभाल व दुरुस्ती

बी.एम.डब्ल्यू. ३ मालिकेची ई४६ ही चौथी पिढी होय. तिचे चार दारांचे रूप, म्हणजे सेडान, १९९८ मध्ये युरोपात विक्रीस आले आणि २००५ मध्ये ई९० या पुढील पिढीने त्याची जागा घेतली. कूपे, स्टेशनवॅगन, कन्व्हर्टिबल अशी सर्व रूपे मिळून या पिढीच्या तीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. मागील चाकांना मिळणारी शक्ती, पुढील व मागील आसांवर जवळजवळ समसमान विभागलेले वजन आणि सरळ रांगेतील सहा सिलिंडरांचे इंजिन यांमुळे ही गाडी चालविण्याच्या आनंदासाठी नावाजली गेली. आज यांतील सर्वांत नवी सेडानही वीस वर्षांची झाली आहे. किंमत उतरली असली तरी अधिकृत कार्यशाळेतील मजुरी उतरलेली नाही. त्यामुळे जर्मनी, ब्रिटन व अमेरिका या देशांत अशा गाड्यांची बरीचशी देखभाल मालक स्वतःच करतात. जर्मनीत जागा, लिफ्ट व अवजारे तासाच्या भाड्याने देणाऱ्या कार्यशाळा आहेत. तेथे दर दोन वर्षांनी, तर ब्रिटनमध्ये दरवर्षी गाडीची सक्तीची तांत्रिक तपासणी होते आणि तीत गंज, ब्रेक, बुश यांची झीज उघडी पडते.

या लेखात प्रामुख्याने पेट्रोलवर चालणाऱ्या सहा सिलिंडरांच्या सेडानचा विचार केला आहे. आरंभीच्या ३२३आय व ३२८आय या गाड्यांत एम५२ इंजिनाची सुधारित आवृत्ती होती. २००० पासून तिची जागा एम५४ने घेतली. ३३०आय मधील ३ लिटरचे एम५४ इंजिन २३१ अश्वशक्ती देते.

जुनेपणाचे स्वरूप

ई४६चे इंजिन सहसा धातूच्या झिजेने निकामी होत नाही. त्यात टायमिंग पट्ट्याऐवजी साखळी असते आणि वेळेवर तेल बदलल्यास ते तीन लाख किलोमीटरही सहज पार करते. म्हातारपण येते ते इंजिनाभोवतीच्या प्लॅस्टिकला आणि रबराला. उष्णता व दाब यांच्या अनेक आवर्तनांनंतर प्लॅस्टिक ठिसूळ होते, रबर कडक होऊन आकसते किंवा तडकते. हे वयाने घडते, केवळ धावेने नव्हे. म्हणून कमी धावलेली पण वीस वर्षे उभी राहिलेली गाडी निर्धास्तपणे घ्यावी असे मुळीच नाही. घरगुती देखभालीचे निम्मे काम म्हणजे असे भाग मोडण्यापूर्वी बदलणे. ते न केल्यास दोन-तीन हजार रुपयांच्या नळीपायी संपूर्ण इंजिन गमवावे लागते.

शीतनव्यवस्था

या गाडीत सर्वाधिक लक्ष शीतनव्यवस्थेकडे द्यावे लागते. तिचे अनेक भाग प्लॅस्टिकचे आहेत : रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या, विस्तार-टाकी, थर्मोस्टॅटचे घर, नळ्यांचे जोड आणि काही गाड्यांत पाण्याच्या पंपातील पंखाही. टाकीच्या मूळ झाकणातील झडप सुमारे २ बार दाबापर्यंत बंद राहते. इतका दाब वीस वर्षांच्या प्लॅस्टिकला नेहमीच पेलवत नाही. विस्तार-टाकी बहुधा सांध्यावर फाटते आणि सर्व शीतक काही मिनिटांत रस्त्यावर सांडते.

यापुढची गोष्ट नव्या मालकाला ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा खरे तापमान दाखवीत नाही. चालकाला विनाकारण चिंता वाटू नये म्हणून तो सुमारे ७५ ते ११५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात मध्यभागीच स्थिर राहील अशी त्याची रचना आहे. काटा उजवीकडे सरकू लागतो तेव्हा इंजिन आधीच धोक्यात आलेले असते. काटा मधोमध आहे, म्हणून घरापर्यंत जाऊ, हा हिशेब येथे चुकतो. एम५४चा ठोकळा व माथा दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. अतितापाने माथा वाकतो, त्याखालचे गॅस्केट जाते आणि पुष्कळदा माथ्याच्या बोल्टांचे ठोकळ्यातील आटेच उपटून निघतात. मग नवे गॅस्केट घालून भागत नाही. भोके मोठी करून त्यांत पोलादी आटे बसवावे लागतात. हा खर्च गाडीच्या किमतीएवढा होऊ शकतो. म्हणून काटा मध्यापासून किंचितही ढळला किंवा शीतकाचा इशारा-दिवा लागला, तर गाडी ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करणे एवढेच योग्य.

प्रत्यक्ष तापमान पाहण्याची सोय गाडीतच दडलेली आहे. उपकरणपटलावरील कळ दाबून धरली की एक तपासणी-यादी उघडते. तिच्यातील पहिल्या क्रमांकात चासी क्रमांक दिसतो. त्याच्या शेवटच्या पाच अंकांची बेरीज एकोणिसाव्या क्रमांकात दिल्यावर कुलूप निघते आणि सातव्या क्रमांकात शीतकाचे तापमान अंशांत वाचता येते. एम५४चा थर्मोस्टॅट ९७ अंशांचा आहे. त्यामुळे शंभरीच्या आसपासचा आकडा पाहून घाबरू नये; तो ११० ओलांडून चढत राहिला तर मात्र थांबावे.

अनुभवी मालक दर एक लाख किलोमीटरला किंवा आठ-दहा वर्षांनी रेडिएटर, विस्तार-टाकी, झाकण, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, वरची व खालची नळी आणि पट्ट्यांच्या पुली हे सारे एकदमच बदलतात. एकेक भाग फुटेल तसा बदलणे स्वस्त वाटते. पण नवा भाग बसवल्यावर पूर्ण दाब पुन्हा उभा राहतो आणि शेजारचा जुना भाग त्या दाबाला बळी पडतो. शिवाय प्रत्येक वेळी तेच शीतक काढणे, तोच पंखा उतरवणे आलेच. ज्या गाड्यांत इंजिनावर चालणारा यांत्रिक पंखा आहे, त्यांत त्याचा ३२ मिलिमीटरचा नट उलट्या आट्यांचा असतो. हे माहीत नसलेला मनुष्य तो सोडवण्याऐवजी घट्टच करीत बसतो.

शीतक फॉस्फेट व नायट्राइटविरहित असावे आणि ते ऊर्ध्वपातित पाण्यात निम्मे-निम्मे मिसळावे. नळाचे किंवा विहिरीचे जड पाणी घालू नये. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. एम५४च्या व्यवस्थेत सुमारे ८.४ लिटर मिश्रण मावते. ते भरताना आतील हवा पूर्ण निघणे महत्त्वाचे असते. गाडी थंड असताना पुढची बाजू किंचित उंच करून इंजिन सुरू न करता चावी दुसऱ्या खुणेवर फिरवावी, हीटर कमाल तापमानावर आणि पंखा किमान वेगावर ठेवावा. विस्तार-टाकीजवळचा हवा काढण्याचा स्क्रू उघडून मिश्रण सावकाश ओतत राहावे. बुडबुडे थांबून सलग धार येऊ लागली की स्क्रू बंद करावा. हा स्क्रू प्लॅस्टिकचा असल्याने त्यावर जोर लावू नये. इंजिन गरम असताना टाकीचे झाकण कधीही उघडू नये. आतील पाणी उकळबिंदूच्या वर असूनही केवळ दाबामुळे द्रवरूपात असते आणि झाकण फिरताच अंगावर उसळते.

वंगण व तेलगळती

एम५४मध्ये गाळणीसह ६.५ लिटर तेल लागते. उत्पादकाच्या ‘लाँगलाइफ-०१’ मानकाचे पूर्ण कृत्रिम तेल, बहुधा ५डब्ल्यू-३० प्रतीचे, वापरले जाते. गाळणी इंजिनाच्या वरच्या भागात पुढे बसवलेली असल्याने हे नवशिक्यासाठी सर्वांत सोपे काम आहे. गाळणीचे झाकण व खालचा निचरा-बोल्ट दोन्ही २५ न्यूटन-मीटर एवढेच आवळावेत आणि त्यासाठी टॉर्क पाना वापरावा. डॅशबोर्डवरील सूचक बराच लांबचा पल्ला दाखवतो; जुन्या इंजिनात १० ते १२ हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा तेल बदलणे श्रेयस्कर.

तेलाची गळती बहुधा दोन जागी आढळते. व्हॉल्व्हच्या झाकणाचे गॅस्केट कडक झाले की तेल एक्झॉस्टवर ठिबकून गाडीत जळका वास येतो. गाळणीच्या घराचे गॅस्केट गेले की तेल पट्टे व आल्टरनेटर यांच्या बाजूला उतरते. दोन्ही गॅस्केटे स्वस्त आहेत आणि एका सुटीच्या दिवसात बदलता येतात.

इंजिनातील वाफा शोषून घेणारी श्वसनव्यवस्था इनटेकच्या खाली दडलेली असते. थंड देशांत तिच्या नळ्यांत पाणी व तेल यांचा पिवळसर साका साचतो, गोठतो आणि मार्ग बुजतो. मग इंजिन तेल ओढू लागते व निळा धूर सोडते. क्वचित सिलिंडरात तेल भरून इंजिन अडकतेही. तपासणी सोपी आहे. इंजिन मंद चालू असताना तेल भरण्याच्या तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ठेवावी. ती अलगद आत ओढली गेली तर व्यवस्था ठीक. ती फुगली किंवा जोराने आत खेचली गेली तर झडप बिघडली असे समजावे. हे काम मात्र किचकट आहे, हात पोहोचत नाही आणि ठिसूळ नळ्या काढताना तुटतात. त्यामुळे संपूर्ण संच आधीच हाताशी ठेवावा.

कॅमशाफ्टची वेळ बदलणाऱ्या ‘व्हॅनॉस’ यंत्रणेतील रबरी कडी कडक झाली की ३,००० फेऱ्यांच्या खाली इंजिन मरगळते. हा बदल इतका हळूहळू होतो की मालकाला तो जाणवतच नाही.

बुश, सस्पेन्शन व मागील तळ

ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढील कंट्रोल आर्मचे मागचे बुश तपासावेत. वेगात मागचा भाग डगमगत असेल आणि मागील टायर आतल्या बाजूने झिजत असतील, तर ट्रेलिंग आर्मच्या बुशांवर संशय घ्यावा. नवे बुश बसवताना एक नियम पाळावाच लागतो : त्यांचे बोल्ट चाके हवेत लोंबत असताना शेवटचे आवळू नयेत, गाडीचे वजन चाकांवर आल्यावर आवळावेत. तसे न केल्यास रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि काही महिन्यांत फाटते. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट यंत्रावर करून घ्यावी.

गाडी केवळ जॅकवर उभी असताना तिच्याखाली शिरू नये. सपाट, कठीण जमिनीवर योग्य वजनक्षमतेच्या घोड्या लावाव्यात, उरलेल्या चाकांना उटी लावावी आणि गाडी हाताने हलवून पाहिल्याशिवाय खाली जाऊ नये. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरवर आवळतात.

मागील सबफ्रेम ज्या पत्र्याला चार ठिकाणी जोडलेली असते, त्या पत्र्याला तडे जाणे हा या पिढीचा प्रसिद्ध दोष आहे. जोरकस वापर झालेल्या गाड्यांत तो अधिक दिसतो. जुनी गाडी खरेदी करताना लिफ्टवर चढवून चारही जोडांभोवतीचा पत्रा उजेडात पाहावा. उपाय म्हणजे सबफ्रेम उतरवून तडे वेल्ड करणे आणि जाड पत्र्याच्या पट्ट्यांनी तो भाग मजबूत करणे. हे कुशल वेल्डरचेच काम आहे.

जे स्वतः करू नये

दारातील काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेतील प्लॅस्टिकची पकड तुटणे हा नित्याचा बिघाड असून तो घरी दुरुस्त होतो. पण पुढील दारांत बाजूच्या एअरबॅग असतात, म्हणून डिकीत उजवीकडे असलेली बॅटरी आधी सोडवून काही मिनिटे थांबावे. एअरबॅगच्या तारांवर मीटर लावू नये.

स्टिअरिंगमधील एअरबॅगला तर हातच लावू नये. ताकाता कंपनीचे सदोष इन्फ्लेटर या पिढीच्या अनेक गाड्यांत बसवलेले होते. जुनाट झालेले असे इन्फ्लेटर अपघाताच्या वेळी फुटून धातूचे तुकडे चालकाच्या अंगावर फेकू शकतात. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने २००० ते २००६ या काळातील, दुरुस्ती न झालेल्या ३ मालिकेच्या गाड्या चालवूच नयेत असा इशारा दिला. ही बदली कंपनीकडून विनामूल्य होते. जुनी ई४६ घेणाऱ्याने इतर कोणत्याही कामाआधी चासी क्रमांक अधिकृत विक्रेत्याकडे देऊन ती झाली आहे का हे विचारावे.

सुटे भाग व माहिती

अमेरिकेतील बेंटली पब्लिशर्सचा दुरुस्तीग्रंथ या पिढीसाठी प्रमाण मानला जातो. सुटे भाग चासी क्रमांकाच्या शेवटच्या सात अक्षरांवरून शोधतात. उत्पादनाचा महिना बदलला की भागही बदललेला असू शकतो. लेमफर्डर, झाक्स, माले, बॉश अशा मूळ पुरवठादारांचे भाग त्यांच्या स्वतःच्या वेष्टनात बरेच स्वस्त मिळतात. निनावी स्वस्त विस्तार-टाक्यांपासून मात्र दूर राहावे.

भारतातील स्थिती

बी.एम.डब्ल्यू.चा चेन्नईजवळील जुळणी-कारखाना २००७ मध्ये सुरू झाला. तोवर ई४६ सेडानचे उत्पादन थांबले होते, त्यामुळे भारतात आयात झालेल्या थोड्याच गाड्या आहेत आणि त्यांचे भाग बहुधा परदेशातून मागवावे लागतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. येथे श्वसनव्यवस्था गोठण्याचा प्रश्न नाही. मुंबई-पुण्याच्या संथ वाहतुकीत आणि मे महिन्याच्या उन्हात मात्र रेडिएटरसमोरचा विजेचा पंखा बंद पडला, तर अतिताप व्हायला फार वेळ लागत नाही. वातानुकूलन सुरू करून हा पंखा फिरतो की नाही हे उन्हाळ्यापूर्वी पाहून घ्यावे, तसेच रेडिएटर व कंडेन्सर यांच्यामधील धूळ व कचरा हलक्या पाण्याच्या धारेने काढावा.