पाचटाला काडी लावण्यापूर्वी



उसाची शेवटची गाडी बांधाबाहेर पडली, की दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी शिवारात धुराचे लोट दिसू लागतात. पाचट जाळू नका, हे आम्ही शेतकी खात्याची मंडळी प्रत्येक मेळाव्यात सांगतो. सभासद माना डोलावतात, चहा घेतात आणि घरी जाऊन काडी लावतात. असे का व्हावे?

पाचटाचे मोल कुणाला ठाऊक नाही, असे मुळीच नाही. एकरी तीन ते चार टन पाचट रानात राहते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. तीन टन धरले तरी १५ किलो नत्र, म्हणजे ३३ किलो युरिया झाला. ४५ किलोच्या गोणीतला जवळजवळ पाऊण भाग! काडी लावली की हे नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरातून निघून जाते. साखर धंद्यात बगॅस बॉयलरला जातो, मळी आसवनीला जाते, प्रेसमड पुन्हा रानात येते. वाया घालवतो ते फक्त आपल्या बांधाच्या आतले.

आमच्या मते खरे कारण डोळ्यांच्या सवयीत आहे. आपल्याकडे रान मोकळे दिसले तर शेतकरी कष्टाळू. पाचट पसरलेले दिसले, की बांधावरून जाणारा म्हणतो, "काय आळशी गडी हाय!" आणि देखादेखी तर आहेच. गावाच्या कोपऱ्यावर एकाने घाण टाकली की महिन्यात तिथे ढीग होतो. शिवारातही तसेच, चार रानं काळी झाली की पाचव्याचा हात काड्यापेटीकडे जातोच.

दुसऱ्याला कशाला नावे ठेवा? काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या रानातले पाचट आम्हीच पेटवले. कृषी पदविका पदरात, भाषणे तोंडपाठ, तरीसुद्धा! भाऊ म्हणाला, "सगळ्यांची रानं साफ झाली, आपलंच राहिलंय, लाव की." वारा फिरला आणि आग चुलत्यांच्या उभ्या उसात शिरली. अर्धा एकर ऊस होरपळला, जळीत म्हणून बिलातून कपात झाली. आम्ही भरपाई घेऊन गेलो. चुलत्यांनी पैशाला हात लावला नाही. एवढेच म्हणाले, "बाबा, तू लोकांना काय सांगत फिरतोस?"

पुढच्या हंगामात रस्त्याकडेच्या रानात पाचट राखले. येणारे-जाणारे विचारीत, "साहेब, माणसं मिळाली नाहीत का?" मे महिन्यात त्याच लोकांनी पाचट बाजूला सारून मातीत बोटे घातली. खाली ओल होती. त्यानंतरच्या वर्षी शेजारच्या दोघांनी काडी लावली नाही. आमच्या भाषणांनी झाले नव्हते ते त्या ओलीने केले.

सभासदांच्या शंका मात्र खोट्या नाहीत. पाचट बुडख्यांवर राहिले तर फुटवे दबतात. पहिले पाणी सरीतून सावकाश सरकते, हेही खरे. म्हणून काम रीतीने करावे. पाचट बुडख्यांवरून ओढून सरीत दाबावे. उंच राहिलेले बुडखे जमिनीलगत छाटावेत. एकरी ५० किलो युरिया, ५० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. पुढची खते पहारीने भोक पाडून द्यावीत. ओल टिकते, तण दबते, खुरपणीचा खर्च वाचतो.

यंदा एवढेच करा. सगळे रान नको, रस्त्याकडेचे एक एकर राखा, आणि एकटे करू नका, बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला बरोबर घ्या. दोन रानं शेजारी-शेजारी राखलेली दिसली, की तिसऱ्याला काडी ओढताना आपोआप लाज वाटेल. गट कार्यालयात नाव नोंदवा. पहिल्या पाण्याच्या दिवशी आम्ही स्वतः बांधावर हजर राहू.