नाळेने दिलेला पुरावा

मासे घ्यायला गेल्यावर आपण काय काय बघतो? कल्ले लालभडक आहेत का, डोळा चकचकीत आहे का, बोटाने दाबल्यावर खड्डा राहतो की मांस लगेच वर येतं. कोळणीशी घासाघीस करता करता एवढी परीक्षा कोणीही करते. पण मैत्रिणींनो, या परीक्षेत एक गोष्ट कधीच सापडत नाही. माशाच्या मांसात पारा किती आहे, ती! त्याला ना वास, ना रंग, ना चव. अगदी आत्ता होडीतून उतरलेल्या फडफडीत माशातही तो असू शकतो. तो कळतो फक्त मोजल्यावर. आणि न मोजल्याचे परिणाम काय होतात, हे जपानमधल्या मिनामाता गावच्या बायकांइतकं कोणालाच ठाऊक नसेल.

मिनामाता हे दक्षिण जपानमधलं खाडीकाठचं गाव. मासेमारीवर जगणारं. तिथे ‘चिस्सो’ कंपनीचा रसायनांचा मोठा कारखाना होता. १९३२ पासून तिथे ॲसिटाल्डिहाइड तयार होई, त्यात पारा वापरला जाई आणि सांडपाणी सरळ समुद्रात. पन्नासच्या दशकात आधी मांजरांना काहीतरी झालं. ती वेड्यासारखी गोल गोल फिरत, झटके येऊन मरत. मग माणसांची पाळी आली. हातापायांना मुंग्या, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं. १ मे १९५६ रोजी या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी पाऱ्याकडे बोट दाखवलं. लोकांच्या केसांतला पारा मोजला, तर एरवी ४-५ पीपीएम असतो तिथे एकाच्या केसांत तब्बल ७०५ पीपीएम निघाला! (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. किलोभर माशात एक मिलीग्रॅम पारा म्हणजे एक पीपीएम.)

त्याच वर्षी कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉ. होसोकावा यांनी एका मांजराला कारखान्याचं सांडपाणी मिसळलेलं अन्न खाऊ घालून पाहिलं. मांजराला तोच आजार झाला. कंपनीने हा प्रयोग दाबून टाकला. सांडपाणी पुढे १९६८ पर्यंत वाहतच राहिलं.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट आयांची. त्या काळात गावात अशी मुलं जन्मत होती ज्यांना मान धरता येत नव्हती, नीट गिळता येत नव्हतं. या मुलांनी तर मासा तोंडातही घातला नव्हता. त्यामुळे डॉक्टर म्हणत, हा मिनामाता आजार नव्हेच, जन्मजात मेंदूचा लकवा आहे. आईच्या पोटातली वार विष अडवते, बाळापर्यंत जाऊ देत नाही, असंच तेव्हाचं वैद्यकशास्त्र मानत होतं. आया मात्र सांगत होत्या की मासे आम्ही खाल्ले, तेच पोटातल्या बाळाला गेलं. मासाझुमी हाराडा नावाच्या तरुण डॉक्टरला एका घरात दोन भाऊ सारख्याच अवस्थेत दिसले. थोरल्याचं निदान मिनामाता, धाकट्याचं नाही! त्यांच्या आईचं म्हणणं या डॉक्टरने हसण्यावारी नेलं नाही. अखेर १९६२ मध्ये, असं एक मूल दगावून त्याच्या मेंदूची तपासणी झाल्यावर, आयांचं म्हणणं मान्य झालं. विष खरोखरच वारेतून गेलं होतं. कित्येक आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, कारण पारा बाळाने ओढून घेतला होता.

तरी एक प्रश्न उरलाच. किती पारा गेला, केव्हा गेला, हे मोजायचं कसं? मुलं तर मोठी झाली होती. इथे कामी आली एक घरगुती रीत. आपल्याकडे नाळ पुरतात, जपानमध्ये ती वाळवून लहानशा लाकडी डबीत जपून ठेवतात, वर बाळाचं नाव आणि जन्मतारीख लिहितात. हाराडांनी घरोघरी जाऊन या डब्या मागितल्या. वाळलेल्या नाळेचा इवलासा तुकडा तपासला, की त्या वर्षी आईच्या रक्तात किती विषारी पारा होता ते कळे. १९७५ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. कारखान्याचं उत्पादन ज्या वर्षांत वाढलं, त्या वर्षांच्या नाळांत पाराही वाढलेला. कुठल्या सरकारी दप्तरात नव्हती अशी तारीखवार नोंद बायकांनी कपाटात सांभाळून ठेवली होती. पुरावा म्हणून नव्हे, मायेने!

आता पारा मोजतात कसा, ते थोडक्यात. माशाचा खाण्याचा भाग घेऊन मिक्सरमध्ये वाटावा तसा एकजीव करतात. तो नायट्रिक आम्लात विरघळवतात, पाऱ्याची वाफ करतात आणि त्या वाफेतून विशिष्ट प्रकाश सोडतात. पारा जितका जास्त तितका प्रकाश जास्त शोषला जातो. शिसं, कॅडमियम यांसाठी वेगळी यंत्रं आहेत. पण यंत्रच चुकत नाही ना, हे कसं कळणार? त्यासाठी आधीच नेमका पारा माहीत असलेली माशाची पूड सोबत तपासतात. ‘डॉर्म-२’ नावाची अशी एक पूड कॅनडात बनवली होती. ती होती चक्क एका जातीच्या मुशीची! त्या वाळक्या पुडीत किलोमागे ४.६४ मिलीग्रॅम पारा. यंत्राने हाच आकडा दाखवला तर पुढचं काम.

मुशीच का पारेवाली? पाण्यातला पारा चिखलातल्या सूक्ष्म जिवांमुळे आणखी विषारी रूपात बदलतो. तो लहान मासा खातो, त्याला मोठा, त्याला आणखी मोठा. दर पायरीला साठा वाढत जातो. जितका मासा मोठा, शिकारी आणि वयस्कर, तितका पारा जास्त. अमेरिकी बाजारातल्या माशांच्या सरकारी तपासण्यांत शार्कमध्ये सरासरी जवळजवळ १ पीपीएम पारा निघाला, सार्डिनमध्ये ०.०१३ आणि कोळंबीत ०.००९. शार्क म्हणजे आपली मुशी, सार्डिन म्हणजे तारलीच्या जातीचा मासा. फरक सत्तर पटींहून जास्त! आपल्या देशातही अन्नसुरक्षा नियमांत माशातल्या पाऱ्याला मर्यादा घातलेली आहे. पण बाजारातल्या टोपलीवर तो आकडा लिहिलेला नसतो, हे आपण जाणतोच.

आणि गंमत बघा, किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचंच कालवण देतात. सासूबाईंचा जीव त्यात असतो, त्यांना दोष कसा देणार! दुधातून पारा नाळेपेक्षा कमी जातो आणि लहान मुशीत तो मोठीपेक्षा कमी असतो, हेही खरं. तरीसुद्धा अमेरिकेत २००४ पासून गरोदर, दिवस राहावेत अशी इच्छा असलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना शार्क टाळायलाच सांगितलं जातं. तिथे टाळायला सांगितलेला आणखी एक मासा आपल्या सुरमईच्या कुळातला आहे. तेव्हा भल्यामोठ्या सुरमईच्या जाड तुकड्यांचा मोह त्या दिवसांत थोडा आवरावा.

पुष्कळजणींना वाटतं, नीट धुतलं, कातडी काढली, चांगलं रटरट शिजवलं की झालं. नाही हो. हा पारा मांसालाच चिकटलेला असतो. धुऊन, तळून, चिंच-कोकम घालून तो जात नाही. खाणं थांबवलं की शरीर हळूहळू बाहेर टाकतं, पण निम्मा जायलाच दीड-दोन महिने लागतात. म्हणून ही काळजी दिवस राहिल्यावर नव्हे, त्याआधी काही महिने सुरू करायची.

मासे सोडायचे का मग? मुळीच नाही! बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी माशांत आहे, प्रथिनं आहेत, आयोडीन आहे. गरोदरपणी आठवड्याला सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम कमी पाऱ्याचे मासे खावेत, असं तिथलेच तज्ज्ञ सांगतात. म्हणजे दोन-तीन वेळचं जेवण. तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी हे सगळे लहान आणि थोडंच जगणारे जीव, खिशालाही परवडणारे. बाळंतिणीच्या ताटात मुशीच्या जागी तारलीचं तिखलं चालेल का, एवढंच सासूबाईंना विचारून बघायचं आहे.