वॉर्डाची खिडकी उघडी ठेवा

सकाळच्या राऊंडला वॉर्डात शिरलो की केसपेपरच्या आधी माझं लक्ष खिडक्यांकडे जातं. बहुतेक वेळा त्या बंद असतात. 'डॉक्टर, आजीला वारं बाधेल,' असं नातेवाईक सांगतात. त्यांची काळजी खरी असते. पण शेजारच्या कॉटवर कोणी खोकत असेल, तर आजीला वाऱ्यापेक्षा कोंडलेल्या हवेचा धोका जास्त असतो.

खोकताना, बोलताना तोंडातून बाहेर पडणारे मोठे थेंब लगेच खाली पडतात. अतिसूक्ष्म कण मात्र तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. क्षयरोग, गोवर, कांजिण्या आणि कोविड यांचा प्रसार अशा कणांतून होतो. फरशी कितीही फिनाईलने पुसली तरी हे कण जात नाहीत. त्यासाठी हवाच बदलावी लागते.

खोलीतली हवा तासाला ६ वेळा बदलली, तर ९९ टक्के कण जायला सुमारे ४६ मिनिटं लागतात. १२ वेळा बदलली तर २३ मिनिटं. पेरू देशातील लिमा शहराच्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दारं-खिडक्या उघडल्यावर तिथल्या खोल्यांतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत हे प्रमाण ४०च्या आसपास, तर नव्या इमारतींत १७ होतं.

आपल्याकडच्या जुन्या सरकारी दवाखान्यांतही उंच छत आणि वर झरोके असायचे. मी पूर्वी काम केलेल्या एका वॉर्डात नूतनीकरण करताना झरोके प्लायवूडने बंद केले आणि स्प्लिट एसी बसवले. वॉर्ड देखणा झाला. पण असा एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो. बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. पुढे तिथल्या एका सिस्टरला फुप्फुसाचा क्षय झाला. तो कुठून लागला हे ठामपणे सांगता येणार नाही. उपचारांनी ती बरी झाली, पण ते बंद झरोके माझ्या मनातून गेले नाहीत.

तुमचं माणूस दाखल असेल, तर सिस्टरना विचारून समोरासमोरच्या खिडक्या उघडा. एकच खिडकी असेल तर दारही उघडं ठेवा. वारा थेट अंगावर येत असेल तर खिडकी लावण्याऐवजी कॉट थोडी सरकवा, पांघरूण द्या. डासांसाठी जाळी हवीच. मात्र ती धुळीने गच्च भरू देऊ नका. एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर फेकतो की नुसताच बंद पडलाय, तेही बघा. खोकणाऱ्या रुग्णाला मास्क द्या आणि भेटायला येणाऱ्यांची गर्दी टाळा.

ऑपरेशन थिएटर, आयसीयू आणि क्षय वा गोवरासारख्या रुग्णांच्या वेगळ्या खोल्या यांची व्यवस्था निराळी असते. तिथल्या दारं-खिडक्यांना परस्पर हात लावू नये.

रुग्णालयांनी कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र वॉर्डात ठेवावं. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दहा लाख भागांत साधारण ४२० असतं. वॉर्डात ते हजारावर गेलं, तर आपण एकमेकांचाच उच्छ्वास पुन्हा आत घेतोय असं समजावं.

औषधं आम्ही लिहून देतो. खिडकी मात्र कोणीही उघडू शकतं.