हात जाईल एवढी जागा

आमच्या घराच्या भिंतींतून पाणी कुठून कुठे जातं, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. सगळं गाव त्यांना मिस्त्रीचाचा म्हणायचं. २००८ साली आम्ही रहिमतपुरातलं जुनं मातीचं घर उतरवून दोन मजली पक्कं घर बांधलं, तेव्हा नळाचं सगळं काम चाचांनी केलं. कागद नाही, नकाशा नाही. भिंतीवर खडूची रेघ ओढायची, हाताखालच्या पोरांकडून त्या रेघेवर झिरी पाडून घ्यायची, झिरीत पाइप बसवायचा, वर गिलावा, गिलाव्यावर टाइल्स. खडू पुसला गेला की रेघ उरायची ती फक्त चाचांच्या डोक्यात.

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत चाचा गेले. जनाजाला आम्ही मोजकीच माणसं, तीही लांब लांब उभी. आमच्या भिंतींचा नकाशाही त्यांच्याबरोबर मातीआड गेला, हे तेव्हा कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. ते लक्षात आलं तीन वर्षांनी.

पावसाळा होता, त्यामुळे खोलीच्या भिंतीवर ओल दिसली तेव्हा आम्ही पावसालाच दोष दिला. गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा लेप झाला, पैसे गेले, ओल तिथेच. मग रंगाचे पोपडे सुटले. मग एका संध्याकाळी पत्नीने दिवा लावायला बटणाला हात लावला आणि झटका बसून ती मागे भेलकांडली. ओल स्विचबोर्डपर्यंत पोचली होती. मेन स्विच पाडला, मेणबत्ती लावली आणि मग पुढचा प्रश्न पडला: वरच्या बाथरूमचं पाणी बंद करायचा कॉक कुठे आहे? कुणालाच सांगता येईना. शेवटी गच्चीवरच्या टाकीचाच कॉक बंद केला आणि अख्खं घर कोरडं पडलं.

दुसऱ्या दिवशी चाचांच्याच हाताखाली तयार झालेला मुलगा आला. हकीम नाडी बघतो तसा बोटांच्या पेरांनी टाइल्स वाजवत तो भिंतभर फिरला. पहिल्या जागी पाच टाइल्स फोडल्या, काही सापडलं नाही. दुसऱ्या जागी सहा फोडल्या, तेव्हा गळणारा सांधा सापडला. आणि त्या सांध्याच्या वर वीतभर अंतरावर, टाइलच्या मागे सिमेंटमध्ये गाडलेला पितळी कॉकही सापडला. चाचांनी तो बसवला होता!

मग मला आठवलं. चाचा म्हणाले होते, "कविसाहेब, इथं एक झडप ठेवू या. हात जाईल एवढी जागा असू द्या." आणि मी म्हणालो होतो, "नको चाचा, भिंत एकसंध दिसू द्या." चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि टाइल लावून घेतली. टाइल्स फुटल्या अकरा. तो नमुना बाजारातून केव्हाच गेला होता.

तेव्हापासून मी या झडपांच्या नादी लागलो आहे. परगावी गेलो की लोक देवळं-मशिदी बघतात, मी छताकडे बघतो. इस्पितळात, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये चौकोनी रेघ दिसली की मनात विचार येतो: ही उघडते का? कुणी शेवटची कधी उघडली असेल?

भिंतीत किंवा छतात मुद्दाम ठेवलेल्या या छोट्या दाराला आपल्याकडे एक ठरलेलं नाव नाही. कुणी ट्रॅप डोअर म्हणतो, कुणी डक्टचं दार, कुणी नुसतंच झाकण. मी झडप म्हणतो. तिच्या मागे काय असतं? पाण्याचे कॉक, सांडपाण्याच्या उभ्या पाइपाचं साफसफाईचं तोंड, विजेच्या जोडण्यांच्या पेट्या, एसीचं यंत्र आणि त्याचं पाणी वाहून नेणारी नळी, मोठ्या इमारतीत आग विझवण्याच्या पाइपांचे व्हॉल्व्ह. ज्याला कधी ना कधी माणसाचा हात लागणार आहे, ते सगळं. नुसता सरळ पाइप भिंतीत पुरला तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते सांध्यापाशी, वळणापाशी आणि फिरत्या भागापाशी. म्हणून शहाणा मिस्त्री सांधे भिंतीत पुरत नाही. पुरावेच लागले तर एका जागी आणतो आणि तिथे झडप ठेवतो.

झडपेचं माप कसं ठरवायचं? जाणकारांना विचारलं तेव्हा उत्तर फार सोपं मिळालं. आत काय जाणार आहे ते आधी ठरवा: नुसता हात, हात आणि डोकं, की अख्खा माणूस. एक कॉक फिरवायचा असेल तर आठ-नऊ इंचाचा चौकोन पुरतो. पाना लावायचा असेल तर तो फिरायला जागा हवी, म्हणजे फूटभर तरी. डोकं आणि दोन्ही हात आत घालून काम करायचं असेल तर दीड फूट, कारण माणसाचे खांदे साधारण तेवढे रुंद. आणि माणूस पूर्ण आत शिरणार असेल तर दोन फूट बाय दोन फूट. भिंतीची शोभा या हिशेबात कुठेच येत नाही. माप येतं ते माणसाच्या अंगावरून, शिंप्याकडे येतं तसं.

अख्खा माणूस आत जाणार म्हटलं की आणखी एक प्रश्न येतो, हवेचा. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा सांगावा लागणार नाही. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, आत रांजणासारखं पोट. हळद वर्षानुवर्षं टिकायची ती आतली हवा कोंडलेली म्हणून, आणि पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरायचं नाही तेही त्याच कारणाने. झाकण काढून तासन्‌तास थांबायचं, मग दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर माणूस उतरत नाही. शहरांच्या गटारांच्या तोंडाशी हा साधा नियम पाळला गेला असता तर किती घरांतले कर्ते पुरुष संध्याकाळी परत आले असते. २०१३च्या कायद्याने साधनांशिवाय माणसाला असं आत उतरवण्यावर बंदी आणली, तरी बातम्या थांबलेल्या नाहीत.

जुन्या माणसांना पाणी जमिनीखालून नेताना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जे लपवायचं, त्याला तोंड ठेवायचं. आमच्या रहिमतपुरात आदिलशाहीतला सरदार रणदुल्लाखान याची म्हणून सांगितली जाणारी कबर आणि मशीद आहे. तिथे जवळच एक उंच बुरूज आहे, त्यावर हत्तीच्या मोटेने पाणी चढवत असं सांगतात. लहानपणी आम्ही त्याच्या आसपास खेळलो, पण चढवलेलं पाणी पुढे कसं जायचं हे विचारायचं कधी सुचलं नाही. ते कळलं पुण्यात.

अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि वाटेतल्या पेठांच्या हौदांपर्यंत आणलं. पंप नाही, वीज नाही, सगळी करामत उताराची. हा नळ म्हणजे हातभर पाइप नव्हे, माणूस आत उतरून चालू शकेल असा दगडी बोळ. आणि त्याच्यावर थोड्याथोड्या अंतराने उभी धुराडी ठेवली होती, आतली कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून आणि गाळ काढायला माणूस उतरावा म्हणून. या तोंडांना नाव काय दिलं? उच्छ्वास. मी पस्तीस वर्षं कविता लिहितो आहे, पण स्थापत्यातल्या एका भोकाला इतकं नेमकं नाव मला सुचलं नसतं. पुढे पुणं वाढलं. काही उच्छ्वास रस्त्यांखाली गेले, काही इमारतींखाली. नळ त्याच्या जागी होता, आत जायची वाट मात्र एकेक करून बुजत गेली. माझ्या बाथरूममध्ये मी जे केलं तेच, फक्त मोठ्या मापावर.

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या नहरीवरही अशीच उतरायची तोंडं आहेत. म्हणजे ही अक्कल एका गावाची किंवा एका राजवटीची नव्हती. पाण्याच्या कामाची ती रीतच होती.

आता छताकडे येतो, कारण हल्ली सगळं छतात गेलं आहे. पुण्यात मुलीच्या फ्लॅटमध्ये जिप्समचं फॉल्स सीलिंग आहे, आत एसीचं यंत्र. एका मे महिन्यात यंत्राच्या नळीत शेवाळ साचलं आणि पाणी बरोबर जेवणाच्या टेबलावर टपकू लागलं. कारागीर आला. छताला झडप होती, बरं का! पण ती यंत्रापासून दोन फूट लांब, कारण यंत्राच्या खाली दिव्यांची नक्षी होती आणि झडपेने ती बिघडली असती. माप नऊ इंच. बिचाऱ्याने शिडीवर उभं राहून खांद्यापर्यंत हात आत घातला, बोटं नळीला जेमतेम लागली, पकड येईना. शेवटी नक्षी कापली. चुकीच्या जागची झडप नसल्यासारखीच, उलट ती असल्यामुळे आपण निर्धास्त राहतो. झडप हवी यंत्राच्या बरोबर खाली, ज्या बाजूला नळी आणि तारांची पेटी आहे त्या बाजूला. आणि तिच्याखाली शिडी उभी राहील एवढी मोकळी जमीन हवी. खाली कपाट ठोकून बसवलं असेल तर त्या झडपेचा उपयोग नाही.

छतातल्या झडपेच्या आणखी दोन-तीन गोष्टी कारागिरांकडून कळल्या. जिप्समच्या पत्र्याला, म्हणजे बोर्डाला, स्वतःचं बळ नसतं. तो वरच्या पत्र्याच्या सांगाड्याला लटकलेला असतो. झडपेसाठी चौकोन कापताना सांगाड्याची मुख्य पट्टी तोडली की छत काही महिन्यांत झोळ धरतं. म्हणून चौकोनाच्या चारी बाजूंना वेगळी चौकट लागते आणि ती वरच्या स्लॅबला स्वतंत्रपणे टांगावी लागते. झडप बिजागरीवर असेल तर तिला एक छोटी साखळी हवी, नाहीतर खटका सुटला की ती थेट खालच्या माणसाच्या डोक्यावर. बाथरूमच्या छतात साधा बोर्ड चालत नाही, ओलीत फुगतो. तिथे ओल सोसणारा बोर्ड किंवा अ‍ॅल्युमिनियमची झडप लावतात.

या सगळ्यात जिवावर बेतणारी गोष्ट आहे आगीची. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, पाच माणसं गेली. चौथ्या मजल्यावर सुरू झालेली आग बघता बघता वर पसरली. लाकडी सजावट, फॉल्स सीलिंग आणि त्यांच्या आडून गेलेल्या तारा यांची तेव्हा बरीच चर्चा झाली. त्याआधी डिसेंबर २०११मध्ये कोलकात्याच्या आमरी इस्पितळात आग तळघरात लागली, पण नव्वदच्या आसपास माणसं गेली ती मुख्यतः वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरून. मजल्या-मजल्यांतून जाणारा उभा डक्ट म्हणजे चुलीवरचं धुराडं. धूर पायऱ्यांनी यायची वाट बघत नाही. म्हणून अशा डक्टची झडप नुसत्या प्लायवूडची असून भागत नाही. भिंत जितका वेळ आग अडवते त्याला साजेसा वेळ तिनेही अडवली पाहिजे, आणि ती आपोआप मिटली पाहिजे. प्रत्येक मजल्यावर पाइपांभोवतीची पोकळी बुजवलेली हवी. म्हणजे हाताला वाट हवी आणि धुराला नको, ही खरी कसरत.

आपल्या गावातल्या तीन-चार मजली इमारतींचे विजेचे डक्ट उघडून बघा. मी बघितले आहेत. झाडू, जुन्या चपला, रद्दीचे गठ्ठे, एका ठिकाणी तर लहान मुलाची सायकल. वर मीटर, खाली रद्दी. जिन्यात जागा नाही हे खरं, पण ती जागा बिऱ्हाड ठेवायची नाही.

घर बांधणाऱ्यांना एक गोष्ट सुचवतो. ती आमच्या वेळी सोपी नव्हती, आता आहे. गिलावा करण्याआधी उघड्या पाइपांचे आणि तारांचे मोबाइलवर फोटो काढा. भिंतीच्या कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून टेप धरून काढा, म्हणजे माप फोटोतच दिसतं. प्रत्येक भिंतीचा वेगळा. ते घरातल्या दोघांकडे तरी ठेवा. मिस्त्री कितीही हुशार असला तरी एक माणूस म्हणजे एक माणूस.

आमच्या बाथरूममध्ये आता फूटभराची झडप आहे. फुटलेल्या अकरा टाइल्सच्या जागी वेगळ्या रंगाच्या बसल्या, जुन्या कपड्याला ठिगळ असावं तशा. पाहुणे बघतात, मी कारण सांगत बसत नाही. नवा स्विचबोर्ड समोरच्या कोरड्या भिंतीवर गेला. काम संपवून निघताना त्या मुलाने झडप उघडली, कानामागची पेन्सिल काढली आणि आतल्या बाजूला लिहिलं: गरम डावीकडे, थंड उजवीकडे, वरचा कॉक गीझरचा. मग जरा थांबून खाली तारीख टाकली, आणि तारखेच्या शेजारी स्वतःचं नाही, चाचांचं नाव लिहिलं.