नगररचना : शहराची शुश्रूषा

नगररचना म्हटली की रुंद रस्ते व उंच इमारती आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु शहर हे सजीव आहे. वैद्य जशी आधी नाडी पाहतो, तसे नगररचनाकाराने आधी शहर पायी हिंडून पाहावे, असे पॅट्रिक गेडीस यांचे मत होते. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेल्या या स्कॉटिश पंडितांनी इंदूरच्या होळकर दरबारासाठी केलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

त्या काळी इंदुरात प्लेगचे भय होते. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढणे हा त्यावरचा रूढ उपाय. गेडीस यांचा त्याला विरोध होता. घरे पाडली की बेघर कुटुंबे शेजारच्या गल्लीत दाटी करतात. म्हणजे रोग हटत नाही, केवळ जागा बदलतो. त्याऐवजी पडकी घरे तेवढी काढावीत, मोकळ्या जागेत झाड लावावे, विहिरी-तलाव न बुजवता स्वच्छ राखावेत, असा त्यांचा आग्रह होता. दिवाळीची मिरवणूक सर्वांत स्वच्छ वस्त्यांतून जाईल, असे त्यांनी जाहीर केले आणि लोकांनी आपण होऊन घरे-अंगणे झाडून काढली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिकृती होती!

आजही जुन्या पेठेत रस्तारुंदीची आखणी होते, तेव्हा किती फूट मिळतील हे मोजले जाते. त्या फुटांत कोणाचे दुकान, कोणाची ओसरी गेली आणि ती माणसे कोठे गेली, हेही मोजावयास हवे. हे काम विद्यार्थ्यांना आपल्या गल्लीपासूनच आरंभता येईल.